जपानी धल्ला

आमच्या घरात खळ करायचं काम माझ्याकडे होतं. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे झुरळं लागत नाहीत. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्यात लाउडस्पीकर भाड्याने देत. लग्न, साखरपुडा, सप्ताह, निवडणूक, जिथं चार माणसं जमतील तिथं आमचे भोंगे झाडावर चढत. एकाच गावात दोन लग्नं असली की दोन लाउडस्पीकरवाले समोरासमोर येत आणि निघायच्या घाईत रेकॉर्डींची अदलाबदल होई. त्यावरून भांडणं होत. म्हणून प्रत्येकजण आपल्या रेकॉर्डींवर दुकानाच्या नावाचा कागद चिकटवी. आमचा कागद पिवळा होता. मधल्या गोल लेबलावर, भोकाच्या उजव्या बाजूला, दोन्हीकडून. ते काम मी शाळेतून आल्यावर करत असे आणि नीट करत असे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या कागदाखाली घडलं आहे.

घर म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि परसात पत्र्याची शेड. शेडमध्ये बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असत. त्यांच्या आम्लाचा वास आईच्या फोडणीच्या वासात मिसळे, आणि आजही कुठं गॅरेजमध्ये तो वास आला की मला शेवभाजी खावीशी वाटते. आई चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, शेजारी दगडावर हिरवी मिरची रगडायची, आणि दुकानातून ॲम्प्लिफायर तपासतानाचा नानांचा आवाज यायचा: हॅलो, हॅलो, चेक. नाना दिवसभरात बोलत ते एवढंच, असं अक्का म्हणायची. माणूस कडू नव्हता. प्रेमळच होता. पण जगाला माईक देणाऱ्या या माणसाला स्वतः दोन वाक्यं सलग बोलायची वेळ आली की घाम फुटे. पाहुणे आले तर ‘या’ म्हणत आणि गेले तर ‘बरं’ म्हणत. अक्का, माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्यांदा ऐकावं लागत नसे. कुठली रेकॉर्ड कुठं खरखरते, कुठल्या गाण्यात पेटी किंचित उतरलेली आहे, हे ती भाकरीचं पीठ मळता मळता आतून ओरडून सांगायची, आणि नाना मान हलवून सुई उचलायचे.

ती रेकॉर्ड अमळनेरहून आली. तिथल्या एका तेलाच्या गिरणीत नवं यंत्र बसवायला जपानहून एक साहेब आले होते. यंत्र सुरू करायच्या समारंभाला भोंगे आमचे होते, म्हणून मी नानांबरोबर गेलो होतो. साहेब शिडशिडीत, टापटीप, सतत वाकून नमस्कार करणारे. पंगतीत त्यांना शेवभाजी वाढली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तोंड लाल झालं, वाढप्याने घाबरून वाटी उचलायला हात पुढं केला, तर साहेबांनी वाटी धरून ठेवली आणि आणखी मागितली. गिरणीचे शेठ मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्यांपासून अमळनेरात. ते म्हणाले, “नाना, पाहा, आता हा माणूस आपला झाला.” जाताना साहेबांनी शेठच्या मुलांसाठी आणलेली भेट दिली. एक मोठी रेकॉर्ड. शेठकडचा रेडिओग्राम कधीचा बंद पडलेला. त्यांनी ती नानांच्या हातात ठेवली. “आमच्याकडे ऐकणार कोण? तुमच्या कामाची वस्तू आहे, न्या.” साहेब ते पाहत होते. मला वाटलं त्यांना राग येईल. पण ते नानांसमोर वाकले, बोटाने हवेत एक गोल काढला, आणि कानाला हात लावून हसले.

घरी ती रेकॉर्ड सतरंजीवर मधोमध ठेवून आम्ही चौघं भोवती बसलो. पाकिटावर रंगवलेलं चित्र होतं. एका निष्पर्ण झाडावर नारिंगी फळं लगडलेली, फांदीवर दुर्बीण घेऊन उभी असलेली एक मुलगी, आणि खाली लांबवर कौलांची छपरं. ते एका चित्रपटाचं संगीत आहे, आणि तो हाताने चित्रं काढून केलेला चित्रपट आहे, एवढं शेठनी सांगितलं होतं. मी असं चित्र तोवर पाहिलं नव्हतं. त्यातल्या प्रत्येक कौलाला वेगळा रंग होता. फळं कसली यावर वाद झाला. मी संत्री म्हटलं, नानांनी मान हलवून नाही म्हटलं, अक्काने टोमॅटो म्हणून माझी चेष्टा केली. आई म्हणाली, “टेंभरं शेत ती. नवापूरकडन्या बाया लयतस ना बाजारमा, तशी.” आम्ही तिघं हसलो. टेंभुर्णीची फळं काय एवढी मोठी असतात?

मग मी पिवळे कागद चिकटवले. लेबल सगळं जपानी अक्षरांनी भरलेलं, त्यात कुठं कुठं आकडे, कुठला आकडा कशाचा हे कोण सांगणार? आणि सांगायची गरजही कुणाला वाटली नाही. धंद्याचा नियम ठरलेला होता: लहान रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगावर, मोठी तेहेतीसवर. रेकॉर्ड मोठी होती. नानांनी खटका तेहेतीसवर केला आणि सुई ठेवली.

आधी लांबून ढोलासारखं काहीतरी वाजलं. मग एक बासरी, पण इतकी जड की शंखाला शोभावी. आणि त्यानंतर तो आवाज आला. म्हाताऱ्याचा, खोल, थकलेला, एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढणारा. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. अक्का मात्र हळूच म्हणाली, “हाऊ धल्ला कसाले रडी राह्यना रे बापू?” बापू म्हणजे मी, आणि आमच्या अहिराणी बोलीत धल्ला म्हणजे म्हातारा. त्या दिवसापासून रेकॉर्डीचं नाव पडलं, जपानी धल्ला.

आज मला कुणी विचारलं की आयुष्यात ऐकलेलं सर्वांत सुंदर गाणं कोणतं, तर मी अजून त्याचंच नाव घेईन. चुकीच्या वेगावर ऐकलेल्या गाण्याबद्दल असं म्हणणं जाणकारांना हास्यास्पद वाटेल. पण ज्याने ते बांधलं त्याची कारागिरी एवढी पक्की होती की पाऊणपट वेगावरही ते उभं राहिलं, फक्त दुसरंच काहीतरी होऊन. दोन ओळींच्या मध्ये जी जागा पडे तिथं माणसाला आपलं काही ठेवता येई. अक्काने तिथं शब्द ठेवले. भांडी घासताना, कपडे पिळताना ती त्या चालीवर अहिराणीत गुणगुणायची. “काल लगुन मना अंगनमा, आज कोना गावले.” कालपर्यंत माझ्या अंगणात, आज कुणाच्या गावाला; बापाने मुलीला म्हणायच्या ओळी. कुठून सुचल्या असं मी विचारलं तर म्हणाली, “तो धल्लाच सांगस. मी फक्त आयकस.”

धरणगावच्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी आमची नेहमीची रेकॉर्ड अडकली आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली. नवरीच्या मावश्या रडायच्या थांबून हसायला लागल्या. नानांनी गडबडीत हाताला आली ती रेकॉर्ड लावली, ती धल्ल्याची निघाली. हसणाऱ्या मावश्यांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. मग नवरीचा बाप, चांगला पैलवान गडी, खांबाला धरून रडला. त्यानंतर लग्नाची सुपारी द्यायला आलेली माणसं आधी विचारायची, “नाना, तो जपानी धल्ला आणशात ना?” नवरदेवाकडचे लोक थट्टा करत की मुलीचा बाप रडत नसला तर धुळ्याहून म्हातारा भाड्याने मिळतो. पण ती थट्टाच होती. ऐकताना सगळे डोळे पुसत.

मग अक्काचं लग्न ठरलं. पाचोऱ्याचं घर, शेतीमालाची आडत, माणसं चांगली. अक्का कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला पुढं शिकायचं होतं, पण ती नाही म्हणाली नाही. नानांसारखीच तीही महत्त्वाच्या वेळी गप्प बसायची. लग्नाच्या आदल्या सकाळी परसात खापरावर मांडे भाजणं चाललं होतं, बायका एकमेकींना टोमणे मारत होत्या, आणि मी शेडमध्ये ओल्या फडक्याने रेकॉर्डी पुसत होतो. धल्ल्याच्या रेकॉर्डीवर फडकं जरा जास्त ओलं पडलं. पिवळा कागद सुटून बोटाला चिकटला. त्याच्या खाली, लेबलाच्या कडेला, चांगला ठळक आकडा होता. पंचेचाळीस.

मी खटका वर केला, आवाज अगदी बारीक ठेवला आणि सुई टेकवली. ढोल नव्हताच, ती छोटी ताशासारखी वाद्यं होती आणि त्यांच्यावर घुंगरं वाजत होती. बासरी पाखरासारखी उडाली. आणि मग एक मुलगी गायला लागली. पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिच्या आवाजात हसू होतं, मध्येच धावल्यासारखा श्वास लागत होता, आणि प्रत्येक ओळ ती अशी वर फेकत होती की पुढच्या ओळीला तिला ती झेलायचीच आहे. पाकिटावरची झाडावर चढलेली मुलगी तीच होती, इतके दिवस आमच्यासमोर दुर्बीण घेऊन उभी. कुणीही रडत नव्हतं. कधीच रडलं नव्हतं. मी उठलो तो अक्काकडे धावायलाच.

दारात नाना उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

“हाई काय शे?”

मी आकडा दाखवला. म्हणालो, “नाना, आपण चुकीची वाजवत होतो. ही पोरगी आहे. अक्काला बोलावतो.”

नाना आत आले, त्यांनी सुई उचलली आणि खटका खाली केला. मग म्हणाले, “उद्या तीच वाजाडनी शे. तेहेतीसवर.”

“पण हे खरं गाणं आहे.”

“बापू, मना तोंडमा शब्द येत नही.” त्यांचा आवाज त्या दिवशी मला पहिल्यांदा ओळखीचा वाटला नाही. “उद्या ती जाई. मी काय बोलू तिले? तो धल्ला मनाकरता बोलस. तिले मालूम शे.” आणि जाता जाता, “सांगू नको.”

ते गेले. मी खळ केली, मोरचूद टाकला, आणि नवा कागद त्याच जागी चिकटवला. पहिला कागद मी अजाणतेपणी लावला होता. हा दुसरा मला सगळं माहीत असून लावलेला.

नाना चुकले असं मी आजही म्हणू शकत नाही, म्हणून हे लिहायला मला एवढी वर्षं लागली. पण त्या दुपारी जे झालं ते फक्त माझं आहे. अक्का हळद लावून कोपऱ्यात बसली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तर तिने माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, “बापू, तो धल्ला इतला कसाले रडस रे? पुढे काही वाईट राहस का?” तिच्या चेहऱ्यावर हळद होती तरी तिची भीती मला दिसली. ती थट्टा करत नव्हती. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की तो म्हातारा नाही, तुझ्याहून लहान पोरगी आहे, आणि ती हसते आहे. नानांना काही कळलं नसतं, दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड तेहेतीसवरच वाजली असती. मी म्हणालो, “मला काय माहीत.” तिने मनगट सोडलं.

पाठवणीला नाना ॲम्प्लिफायरपाशी उभे होते, जीपकडे पाठ करून. धल्ला गायला लागला तशी त्यांनी आवाजाची कळ हळूहळू वर नेली, इतकी की भोंगा थरथरायला लागला. अक्का जीपमध्ये चढताना नानांकडे बघत नव्हती. ती लिंबाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्याकडे बघत होती. जीप वळणाआड जाईपर्यंत तिने मान तशीच वर धरलेली मला दिसली.

पुढं कॅसेटी आल्या, लग्नात डीजे आले. मी जळगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. धल्ल्याची रेकॉर्ड धुळ्याच्या माळ्यावर उन्हाळ्याच्या उष्म्याने ताटलीसारखी वाकली. नाना गेले तेव्हा अक्का पाचोऱ्याहून आली आणि तिने तीच चाल गुणगुणली, तेव्हाही मी बोललो नाही. नाना नव्हते, त्यांचा शब्द पाळायचं कारण नव्हतं. पण तोवर माझी बोलायची वेळ इतकी मागं गेली होती की तिथपर्यंत चालत जायची मला लाज वाटायची.

ईशा, माझी नात, पुण्यात नोकरी करते आणि पगारातला बराच भाग रेकॉर्डींवर घालवते. त्यातही तिला वेड जपानी ॲनिमेशन चित्रपटांच्या संगीताचं. ते जुने चित्रपट, ज्यांच्या रेकॉर्डी कधीच्या मिळेनाशा झाल्या होत्या, त्यांच्या मूळ ध्वनिफिती पुन्हा साफसूफ करून आता नव्याने रेकॉर्डी काढतात, आणि जगभर तिच्यासारखी पोरं त्यासाठी महिनोन् महिने थांबतात. दिवाळीत ती रेकॉर्डींची पेटी आणि आपला छोटा रेकॉर्ड प्लेअर घेऊन जळगावला आली. धंद्यात मी हजारो रेकॉर्डी हाताळल्या, पण अशा पाहिल्या नव्हत्या. जाड, जड, पाटासारख्या सपाट. कुठली निळी, कुठली काचेसारखी पारदर्शक. पाकिटाला एका कडेने कागदाची उभी पट्टी, आत चित्रपटातल्या चित्रांचं पुस्तक, आणि पानापानांवर कोणी कोणतं वाद्य वाजवलं त्याची नावं, अगदी घुंगरं वाजवणाऱ्याचंसुद्धा. मला ते फार आवडलं. आमच्या काळी वाजवणाऱ्याचं नाव छापायचं कुणाला सुचत नसे. ती एकेक काढून दाखवत होती आणि एका पाकिटावर माझा हात थांबला. निष्पर्ण झाड, नारिंगी फळं, दुर्बीण.

“आबा, ही कालच पोचली,” ती म्हणाली. आतली रेकॉर्ड त्या फळांच्याच रंगाची होती, उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसे. “हे पर्सिमॉन. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं फळ.” मला आई आठवली. लेबलावर, भोकाच्या उजव्या बाजूला, पंचेचाळीसचा आकडा उघडा होता. त्यावर कुणी कागद लावला नव्हता. मी ईशाला म्हणालो, “ही वाजवू नकोस. उद्या आपण पाचोऱ्याला जाऊ.”

अक्का आता काठी घेऊन चालते, पण कान तसाच आहे. आम्ही ओसरीवर बसलो. सुनेने भरीत आणि भाकरी केली होती, ती खाऊन झाली. मी तिला सगळं सांगितलं. कागद, आकडा, नाना शेडमध्ये काय बोलले ते, आणि हळदीच्या दुपारी मी काय बोललो नाही ते. सगळं ऐकून तिने ईशाकडे हात केला. मग म्हणाली, “लाव.”

ईशाने खटका पंचेचाळीसवर केला. घुंगरं वाजली, पाखरू उडालं, आणि ती पोरगी गायला लागली. नव्या रेकॉर्डीत तिचा श्वासही इतका स्वच्छ होता की ती ओसरीच्या पायरीवर बसली आहे असं वाटावं. ईशा पुस्तकातून शब्दांचा अर्थ वाचत होती. मुलगी झाडावरून छपरं बघते आहे, आणि शेवटच्या छपरापलीकडे समुद्र असेल असं म्हणते आहे. थांब, मी येतेच, असं ती समुद्राला सांगते. अक्काने काठी मांडीवर आडवी घेतली होती. तिच्या बोटांनी काठीवर ताल धरला. पहिल्या कडव्यानंतर ती हसली, अगदी आवाज काढून, जशी धुळ्याला पीठ मळताना हसायची.

“हाई ते पोरगी शे,” ती म्हणाली.

गाणं संपल्यावर तिने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती हसली नाही. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, “बापू, पाचोऱ्याला पहिली दोन वर्षं मी रोज ते गाणं मनात म्हणायचे. मला वाटायचं, सगळ्या मुलखातल्या पोरी रडतच जातात, जपानातल्यासुद्धा, मग आपण वेगळं काय मागावं.” हे तिने बोलीत म्हटलं नाही, शाळेतल्यासारख्या मराठीत म्हटलं. मग परत आपल्या बोलीवर आली. “तवय माले हाई पोरगी पाहिजे व्हती.”

सून कपबशा उचलून घेऊन गेली. ईशा रेकॉर्ड पाकिटात घालायला लागली तशी अक्काने काठीनेच तिला थांबवलं.

“ऱ्हाऊ दे, बेटा. तो खटका खाले कर.”

ईशाला कळेना. “आजी, तेहेतीसवर? आवाज बिघडेल.”

“बिघडू दे,” अक्का म्हणाली. तिने पदर सारखा केला, पाठ सरळ केली आणि मान किंचित वर धरली. “आते नानाले लाव.”